स्वस्त पेट्रोलचा हक्क आणि दरवाढीची रात्र

ज्या देशाच्या भूमीखाली तेल आहे त्या देशातील रयतेला पेट्रोल स्वस्त मिळावे, ही अपेक्षा इतकी स्वाभाविक वाटते की तिचे समर्थन करण्याची गरज तिच्या पुरस्कर्त्यांना सहसा भासत नाही. आणि ती अर्थशास्त्राच्या कसोटीस उतरत नाही असे सांगणाऱ्या पंडितांना ती इतकी भाबडी वाटते की तिच्या मुळाशी काही विचार असेल, अशी शंकादेखील त्यांच्या मनाला शिवत नाही. या दोन निःशंक पक्षांच्या कात्रीत जे सापडते ते सरकार. खजिन्यात खडखडाट झाला की अर्थमंत्री दरवाढीचा मसुदा पुढे करतो, गृहमंत्री तो पाहून कपाळाला हात लावतो, आणि अखेर एखाद्या मध्यरात्री, बहुधा सुटीचा मुहूर्त साधून, फर्मान निघते. व्हेनेझुएला, नायजेरिया, इराण, इंडोनेशिया, बोलिव्हिया, इक्वेडोर, कझाकस्तान हे देश भिन्न धर्मांचे, भिन्न भाषांचे आणि भिन्न राज्यपद्धतींचे. तरीही गेल्या चाळीसेक वर्षांत या एकाच जातीच्या फर्मानाने त्या सर्वांत लोक रस्त्यावर आले, आणि कित्येक ठिकाणी सैन्यही आले. इतक्या वेगवेगळ्या समाजांनी एकाच गोष्टीवर सारखेच चवताळून उठावे, यामागे निव्वळ अज्ञान आहे असे मानणे मला तरी कठीण जाते. म्हणून या प्रश्नाचा आढावा घेताना पंडितांचा हिशेब आणि लोकांचा संताप या दोहोंना सारख्याच आस्थेने वागवावे, असे मी योजिले आहे.

प्रथम हिशेब. आपल्यासारखा तेल आयात करणारा देश जेव्हा रॉकेल किंवा डिझेल स्वस्त विकतो, तेव्हा तो परदेशातून महाग माल घेऊन घरी स्वस्त देत असतो. ती तूट अंदाजपत्रकात कोठे ना कोठे नमूद होते, आणि विरोधी पक्षाला ती बोट ठेवून दाखविता येते. तेलसंपन्न देशात प्रकार निराळा. तेथे विहिरीतून तेल वर काढण्याचा खर्च अल्प असतो, आणि तेवढा खर्च भरून निघेल अशा दराने ते घरच्या ग्राहकाला विकले तर सरकारी दप्तरात तोट्याचा एक आकडाही उमटत नाही. तोटा असतो तो न आलेल्या उत्पन्नाचा. तेच पिंप परदेशी विकले असते तर जे डॉलर मिळाले असते, त्यांचा. हा तोटा खरा आहे यात वाद नाही, कारण शाळा, रस्ते आणि दवाखाने यांना लागणारा पैसा त्याच झऱ्यातून यावयाचा असतो. परंतु जो तोटा कोणत्याही वहीत दिसत नाही तो रयतेला पटवून देणे हे आजवर फारच थोड्या अर्थमंत्र्यांना साधले आहे. त्यातही दैवदुर्विलास असा की यांतील काही देशांना आपले कच्चे तेल शुद्ध करून आपल्यापुरते पेट्रोल बनविणेही जमलेले नाही. २००७ पूर्वीच्या इराणात खपणाऱ्या पेट्रोलचा सुमारे चाळीस टक्के हिस्सा आयात होत असे. नायजेरियाचे पोर्ट हारकोर्ट, वारी आणि कदुना येथील सरकारी शुद्धीकरण कारखाने वर्षानुवर्षे मोडकळीस आलेले होते. म्हणजे कच्चा माल बाहेर जाणार, पक्का माल महागात परत येणार, आणि तो पुन्हा स्वस्तात वाटला जाणार. अशा ठिकाणी न दिसणारा तोटा एकाएकी दिसू लागतो आणि डॉलरांतच चुकवावा लागतो.

पंडितांचा दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. स्वस्त पेट्रोलचा लाभ कोणाला, असा प्रश्न विचारून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अभ्यासकांनी २०१२ मध्ये अनेक विकसनशील देशांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा असे दिसून आले की पेट्रोलवरील सवलतीच्या प्रत्येक रुपयातील सुमारे ६१ पैसे लोकसंख्येच्या सर्वांत श्रीमंत पंचमांशाच्या पदरात पडतात, आणि सर्वांत गरीब पंचमांशाच्या वाट्याला जेमतेम तीन पैसे येतात. ज्याच्या दारात तीन मोटारी त्याला तिप्पट सवलत, आणि जो पायी चालतो त्याला शून्य. याशिवाय चोरटा व्यापार आहेच. नायजेरियाचे पेट्रोल सीमा ओलांडून शेजारच्या बेनिन देशात जाते आणि तेथील हमरस्त्यांच्या कडेला, लाकडी मेजांवर मांडलेल्या काचेच्या मोठमोठ्या कुप्यांतून, नाक्यानाक्यावर विकले जाते; तेथील लोक या मालाला ‘क्पायो’ म्हणतात, आणि कित्येक कुटुंबांची चूल त्यावरच पेटते. व्हेनेझुएलाच्या सीमेवरील कुकुता या कोलंबियन शहरात प्लास्टिकचे डबे घेऊन बसणाऱ्या विक्रेत्यांचा एक सबंध वर्गच निर्माण झाला होता. इराणच्या बलुचिस्तानात डिझेलचे डबे लादलेल्या छोट्या गाड्या पाकिस्तानच्या हद्दीकडे धावतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये सरावान येथे या इंधनवाहकांवर गोळीबार होऊन माणसे मेली. एका बाजूस दोन पैशांना मिळणारी वस्तू दुसऱ्या बाजूस वीस पैशांना खपत असेल, तर मध्ये कितीही चौक्या बसविल्या तरी त्या चौक्यांवरील शिपायांचाच त्यात हिस्सा ठरतो.

इतके सारे खरे असताना, ज्याला रुपयातले तीन पैसे मिळतात तोच मनुष्य दरवाढीच्या दिवशी सर्वांत पुढे का उभा राहतो? याचे एक उत्तर सरळ आहे: त्याच्या खिशाला पेट्रोल लागत नसले तरी बसभाडे लागते, आणि बाजारात येणारी भाजी ज्या मालमोटारीतून येते तिचे भाडे त्या भाजीच्या भावात मिसळलेले असते. टक्केवारीत मोजली तर ही झळ श्रीमंतापेक्षा त्याला अधिक जाणवते. दुसरे उत्तर मात्र हिशेबाच्या वहीत सापडत नाही. भूमिगत संपत्ती राष्ट्राची, असे ज्या देशांच्या राज्यघटना आणि राष्ट्रीय उत्सव त्यांच्या नागरिकांना पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले, तेथील सामान्य माणसाने त्या संपत्तीतील आपला हिस्सा कोठे पाहावा? शाळा बांधली तर मक्तेदार आधी जेवतो, दवाखाना काढला तर औषधे मागल्या दाराने जातात, आणि नोकरी मिळावयाची तर वशिला लागतो. पेट्रोलच्या पंपावर मात्र काटा फिरतो आणि त्या काट्याप्रमाणे त्याचा हिस्सा त्याला कोणाच्याही मध्यस्थीवाचून मिळतो. तो हिस्सा क्षुल्लक असेल, अन्यायाने वाटलेला असेल, पण खात्रीचा असतो. अशा वेळी ‘हा आम्हांला परत द्या, आम्ही तो अधिक न्यायाने वाटू’ असे सांगणारे सरकार त्याच्याजवळ उधारी मागत असते, आणि उधारी देण्यापूर्वी मागणाऱ्याची पत पाहण्याचा शहाणपणा अडाणी माणसातही असतो.

या पतीचा सर्वांत भयंकर फैसला व्हेनेझुएलात झाला. कार्लोस आंद्रेस पेरेस हे १९७४ ते १९७९ या आपल्या पहिल्या कारकीर्दीत तेलाच्या भरभराटीचे अध्यक्ष होते; १ जानेवारी १९७६ रोजी तेल उद्योगाचे राष्ट्रीयीकरण त्यांनीच केले, आणि त्या सुवर्णकाळाच्या स्मृतीवर स्वार होऊनच ते दुसऱ्यांदा निवडून आले. २ फेब्रुवारी १९८९ रोजी त्यांचा अधिकारग्रहण सोहळा इतक्या थाटात पार पडला की लोक त्याला उपरोधाने राज्याभिषेक म्हणू लागले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १६ फेब्रुवारीस, त्याच अध्यक्षांनी नाणेनिधीच्या धोरणाला अनुसरून आर्थिक शिस्तीचा कार्यक्रम जाहीर केला, आणि त्यात पेट्रोलचा दर दुप्पट करण्याची तरतूद होती. दुप्पट झाल्यावरही ते जगातील अत्यंत स्वस्त पेट्रोलांपैकी एक राहणार होते, हे अर्थशास्त्रज्ञांचे म्हणणे बिनचूक होते. पण सोमवारी, २७ फेब्रुवारीच्या पहाटे, राजधानी काराकासच्या पूर्वेकडील ग्वारेनास या गावी कामावर जाण्यासाठी बसथांब्यावर जमलेल्या मजुरांना आणि विद्यार्थ्यांना असे आढळले की भाडे सरकारने ठरविलेल्या तीस टक्क्यांपेक्षा कितीतरी अधिक वाढले आहे, आणि विद्यार्थ्यांची सवलतीची तिकिटे वाहनचालक घेत नाहीत. महिनाअखेर होती, पगार संपलेला, आणि दुकानदारांनी भाव वाढण्याच्या आशेने माल दडवून ठेवल्यामुळे पीठ, साखर, दूध बाजारातून गायब झालेले. प्रथम एक बस जळली, मग थांबा जळला, आणि दुपारपर्यंत काराकासच्या डोंगरउतारावरील वस्त्या खाली उतरल्या. दुकाने फोडली गेली तेव्हा आतील कोठारांत तोच गायब झालेला माल थप्प्या लावून ठेवलेला सापडला, आणि मग लूट करणाऱ्यांच्या मनात आपण काही गैर करीत आहोत ही भावनाही उरली नाही.

दुसऱ्या दिवशी घटनेतील हक्क तहकूब करण्यात आले, संचारबंदी पुकारली गेली, आणि सैन्याने गोरगरिबांच्या वस्त्यांवर बेछूट गोळीबार केला. सरकारी यादीत २७६ मृतांची नोंद आहे. दक्षिणेकडील सार्वजनिक दफनभूमीत ‘ला पेस्ते’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागातून पुढे बेवारस प्रेते उकरून काढण्यात आली, तेव्हा ती यादी अपुरी आहे हे उघड झाले. ‘काराकासो’ या नावाने ही घटना इतिहासजमा झाली खरी, पण तिने एक व्यवस्था आतून पोखरून टाकली. तीन वर्षांनी, फेब्रुवारी १९९२ मध्ये, ह्यूगो चावेस नावाच्या एका लेफ्टनंट कर्नलने बंड केले. ते फसले, पण १९९८ च्या निवडणुकीत तोच मनुष्य अध्यक्ष झाला. आणि या चावेस यांनी, ज्यांना दारिद्र्यनिर्मूलनासाठी पैसा हवा होता आणि ज्यांची लोकप्रियता अफाट होती, त्यांनीदेखील आपल्या चौदा वर्षांच्या कारकीर्दीत पेट्रोलच्या दराला हात लावला नाही. त्यांच्या पश्चात निकोलास मादुरो यांनी फेब्रुवारी २०१६ मध्ये उच्च प्रतीच्या पेट्रोलचा दर लिटरला ०.०९७ बोलिव्हारवरून ६ बोलिव्हार केला, म्हणजे साठपटीहून अधिक वाढविला, आणि महागाईने ते सहा बोलिव्हारही अल्पावधीत कवडीमोल करून टाकले. मे २०२० मध्ये जगातील सर्वांत मोठा सिद्ध तेलसाठा बाळगणाऱ्या या देशाला इराणहून पेट्रोलची जहाजे मागवावी लागली. ती आल्यानंतर १ जूनपासून दोन दर ठरले: दरमहा १२० लिटरपर्यंत सवलतीचा, आणि ठरावीक पंपांवर लिटरला अर्धा डॉलर. दर दुप्पट करताना जेथे शेकडो माणसे मेली, तेथे डॉलरचा दर लागू होताना फारसा आवाजही झाला नाही. कारण तोवर पंप कोरडे पडले होते, आणि रांगेत दिवसरात्र उभा राहिलेला माणूस दराविषयी घासाघीस करीत नाही.

नायजेरियाच्या कथेत रक्त कमी आहे आणि कागदपत्रे अधिक आहेत. १९५६ मध्ये ओलोइबिरी येथे तेल लागले, आणि सत्तरीच्या दशकापासून पेट्रोलवर सवलत सुरू झाली ती हळूहळू एक स्वतंत्र धंदा बनून गेली. आयातदाराने जहाज आणावयाचे, खरेदीची आणि विक्रीची कागदपत्रे सादर करावयाची, आणि मधला फरक सरकारकडून वसूल करावयाचा. कागद भरले की पैसे मिळत, जहाज आले की नाही हा तपशील गौण. १ जानेवारी २०१२ रोजी, लोक नाताळसाठी आपापल्या गावी गेलेले असताना, गुडलक जोनाथन यांच्या सरकारने सवलत एका फटक्यात काढून घेतली आणि लिटरला ६५ नायरा असलेला दर सुमारे १४१ नायरांवर गेला. गावाहून परतीचे भाडे खिशात मोजून ठेवलेल्या माणसाला ते थांब्यावरच दुपटीने अपुरे पडले. कामगार संघटनांनी देशव्यापी संप पुकारला, लागोसच्या ओजोटा चौकात रोज हजारो लोक जमू लागले, आणि आठवडाभराने सरकारने ९७ नायरांवर तडजोड केली. या सुधारणेमागे अर्थमंत्री ङोझी ओकोन्जो-इवेआला यांच्यासारख्या जागतिक कीर्तीच्या अर्थतज्ज्ञ होत्या, त्यांचा हिशेब निर्दोष होता. परंतु त्या संपाच्या रेट्याने प्रतिनिधीगृहाने जी चौकशी समिती नेमली, तिने एप्रिलमध्ये सांगितले की तीन वर्षांत सुमारे ६८० कोटी डॉलर गैरव्यवहारांत बुडाले, आणि दिवसाला ५ कोटी ९० लाख लिटर पेट्रोलचे पैसे चुकविले जात असताना प्रत्यक्ष खप सुमारे साडेतीन कोटी लिटरांचा होता. म्हणजे रस्त्यावरचा मनुष्य ‘आधी चोर पकडा, मग आमचा हिस्सा मागा’ असे जे म्हणत होता, ते अक्षरशः खरे ठरले. पुढे या समितीचे अध्यक्ष फारूक लावन यांनाच एका तेलव्यापाऱ्याकडून लाच घेतल्याबद्दल २०२१ मध्ये शिक्षा झाली. कादंबरीकाराने असा प्रसंग रचला असता तर संपादकाने तो अतिरंजित म्हणून कापला असता.

ज्या बोला तिनुबू यांनी २०१२ मध्ये विरोधी पक्षात राहून त्या दरवाढीवर कडाडून टीका केली होती, त्यांनीच २९ मे २०२३ रोजी अध्यक्षपदाची शपथ घेताच आपल्या पहिल्या भाषणात सवलत संपल्याचे जाहीर केले. दोनशे नायरांच्या आत असलेला दर काही दिवसांत पाचशेच्या आसपास गेला. या वेळी संप तितका पेटला नाही. निवडणुकीत तिन्ही प्रमुख उमेदवार सवलत काढण्याच्या बाजूचे होते आणि तिजोरी इतकी रिकामी होती की दुसरा मार्ग कोणालाच दाखविता येईना. परंतु झळ लहानसहान नव्हती. ज्या देशात सरकारी वीज भरवशाची नाही तेथे पेट्रोल हे मोटारीपुरते नसते: शिंपी, न्हावी, थंड पेयांचा दुकानदार असे सारेजण दारात एक छोटे जनित्र ठेवून धंदा करतात, आणि या जनित्राला तेथील लोकांनी ‘शेजाऱ्यापेक्षा मी बरा’ अशा अर्थाचे विनोदी नाव दिले आहे. दर वाढल्यावर ती जनित्रे सायंकाळी लवकर बंद होऊ लागली. नुकसानभरपाईची आश्वासने आली, काही ठिकाणी तांदळाच्या गोण्याही आल्या. नायरा मात्र त्याच सुमारास इतका घसरला की विनिमयाच्या फरकाने सवलत मागल्या दाराने परतली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये दर पुन्हा मोठ्या झेपेने वाढवावा लागला.

फसलेल्या दरवाढींचा तपशील याहून लांबविण्यात अर्थ नाही, कारण त्या एकमेकींच्या नकला वाटतात. बोलिव्हियात डिसेंबर २०१० मध्ये अध्यक्ष एव्हो मोरालेस परदेशी असताना उपाध्यक्षांनी पेट्रोलचा दर ७३ टक्क्यांनी वाढविल्याचे जाहीर केले. वर्ष संपण्यापूर्वी, अवघ्या पाच दिवसांत, ते फर्मान रद्द झाले. इक्वेडोरमध्ये ऑक्टोबर २०१९ मध्ये अध्यक्ष लेनिन मोरेनो यांना सरकारचे ठाणे किटो येथून ग्वायाकीलला हलवावे लागले, आणि आदिवासी संघटनांबरोबर दूरचित्रवाणीवर समोरासमोर बसून माघार घ्यावी लागली. कझाकस्तानात जानेवारी २०२२ मध्ये मोटारींत भरावयाच्या द्रवरूप वायूचा दर ६० वरून १२० तेंगेवर गेला. ठिणगी पडली ती झानाओझेन या तेलनगरीत, जेथे संपावरील तेलकामगारांवर पोलिसांनी २०११ मध्ये गोळ्या झाडल्या होत्या. सरकारने दर ५० तेंगेपर्यंत खाली आणला, पण तोवर आलमाटी पेटले होते आणि मागण्यांत इंधनाचे नावही मागे पडले होते; सरकारी आकड्याप्रमाणे २३८ माणसे मेली. ज्या गावातून तेल निघते त्याच गावातील लोकांनी सर्वांत आधी उठावे, याचे आश्चर्य वाटू नये.

मग हे कोणाला साधले? इंडोनेशियाचे नाव येथे प्रथम घ्यावे लागते, आणि त्या देशाने हा धडा फार महागात घेतला आहे. मे १९९८ मध्ये, आर्थिक अरिष्टाच्या ऐन भरात, सुहार्तो यांनी पेट्रोलचा दर सुमारे सत्तर टक्क्यांनी वाढविला. मेदान शहरात दंगली उसळल्या, जकार्तात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, आणि २१ मे रोजी बत्तीस वर्षांची सत्ता संपुष्टात आली. पुढे अध्यक्ष झालेल्या मेगावती यांनी २००३ मध्ये वाढविलेले दर अंशतः मागे घेतले. यानंतर सुसिलो बाम्बांग युधोयोनो यांनी १ ऑक्टोबर २००५ रोजी पेट्रोल २,४०० वरून ४,५०० रुपियांवर आणि रॉकेल ७०० वरून २,००० वर नेले, तेव्हा राजवट कोसळण्याची भाकिते झाली होती. ती कोसळली नाही, आणि २००९ मध्ये तेच अध्यक्ष पुन्हा निवडून आले. फरक काय होता? दीड कोटीहून अधिक गरीब कुटुंबांना दरमहा एक लाख रुपिया, तीन महिन्यांचे एकदम, टपाल कचेरीतून रोख देण्याची व्यवस्था दरवाढीबरोबरच सुरू झाली होती. याद्यांत घोळ होते, टपाल कचेऱ्यांसमोर वृद्ध माणसे उन्हात ताटकळत उभी राहत, गावागावांत कोणाचे नाव आले आणि कोणाचे राहिले यावरून बखेडे झाले. पण पैसा प्रत्यक्ष हातात पडला. पुढे २००७ पासून घरोघरी रॉकेलच्या स्टोव्हऐवजी तीन किलोचे हिरवे वायुपात्र, जे तेथील बायका आकारावरून खरबूज म्हणून ओळखतात, फुकट पोचविण्यात आले आणि रॉकेलवरील सवलत रॉकेलच्या वापराबरोबरच आटली. आणि २००८ च्या अखेरीस जगात तेल उतरले तेव्हा सरकारने दर खालीही आणले. दर दोन्ही दिशांनी हलू शकतो, हे लोकांना एकदा तरी दाखविणे किती मोलाचे असते याची कल्पना पुष्कळ राजकारण्यांना नसते.

आखाती राजवटींचा मार्ग वेगळा. त्यांतील सौदी अरेबियात तर संप करावयास संघटनाच नाहीत. सौदी अरेबियाने १ जानेवारी २०१८ रोजी साध्या पेट्रोलचा दर ०.७५ वरून १.३७ रियाल केला, आणि त्याआधीच ‘नागरिकांचे खाते’ नावाच्या योजनेतून कुटुंबांना रोख रकमा पोचविल्या. तरीही कुरबुर होताच आठवडाभरात राजाज्ञा निघून सरकारी नोकरांना दरमहा हजार रियालचा भत्ता मिळाला. ही भरपाई सौदी नागरिकांपुरती होती हे आपल्याकडे लक्षात घेण्यासारखे आहे, कारण रत्नागिरी-रायगडकडील जी मंडळी तेथे चालक, सुतार किंवा वीजतंत्री म्हणून राबतात, त्यांनी नवा दर भरला, आणि कुटुंब तेथे ठेवले असल्यास प्रत्येक आश्रितामागे नवा कर भरला. खाते मात्र त्यांच्यासाठी नव्हते. २०२१ च्या जुलैत दर वाढतच चालल्याचे पाहून राजाने तो जूनच्या पातळीवर बांधून टाकला. संघटना नसल्या तरी भीती असते.

भारताशी तुलना करण्याचा मोह येथे होतो, आणि ती मर्यादेत उपयुक्तही आहे. आपल्याकडे जून २०१० मध्ये पेट्रोलचा दर सरकारी नियंत्रणातून सुटला, आणि डिझेलचा दर जानेवारी २०१३ पासून महिन्याला सुमारे पन्नास पैशांनी चढवीत ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त करण्यात आला; मोर्चे निघाले, पुतळे जळले, पण राज्य हादरले नाही. हप्त्याहप्त्याची वाढ पचते हे याचे एक कारण. दुसरे, आणि मला अधिक महत्त्वाचे वाटणारे, हे की मुंबई हायचा शोध १९७४ मध्ये लागला असूनही पेट्रोल ही आपल्या मालकीची वस्तू आहे असे भारतीय माणसाला कधी वाटले नाही. महाग म्हणून तो चिडतो. लुबाडले गेलो म्हणून चिडत नाही.

इराणात ही लुबाडले गेल्याची भावना सर्वांत जुनी आहे. १९०८ मध्ये मस्जिद-ए-सुलेमान येथे तेल लागले, १९५१ मध्ये पंतप्रधान मोसद्देक यांनी ते इंग्रजांच्या हातून काढून राष्ट्राचे केले, आणि तेव्हापासून तेथील प्रत्येक राजवटीने तेल हे जनतेचे आहे असे सांगितले. २००४ मध्ये निवडून आलेल्या संसदेने दर गोठविण्याचा कायदा केला. मग जून २००७ मध्ये, शिधावाटपाचा निर्णय मध्यरात्रीच्या अवघ्या काही तास आधी जाहीर होताच, तेहरानात पंप जाळले गेले. या अनुभवातून महमूद अहमदीनेजाद यांच्या सरकारने जो धडा घेतला तो या सबंध विषयातील सर्वांत चतुर प्रयोग म्हणून अभ्यासला जातो. डिसेंबर २०१० मध्ये पेट्रोलचा शिध्याचा दर शंभर तोमानांवरून चारशे आणि त्यापलीकडचा दर सातशे करण्यात आला. परंतु त्याच्या कित्येक आठवडे आधी कुटुंबप्रमुखांच्या नावे बँकेत खाती उघडून माणशी, दरमहा ४५,५०० तोमान या हिशेबाने रक्कम जमा करण्यात आली होती. ती रक्कम पासबुकात दिसत होती, पण काढता येत नव्हती. नवे दर लागू झाले त्याच दिवशी खाती खुली झाली. सहा कोटींहून अधिक माणसांना हा तनखा मिळाला, खेड्यांतील मोठ्या कुटुंबांचे उत्पन्न लक्षणीय वाढले, आणि पंपांवर पोलीस उभे होते तरी त्यांना काही करावे लागले नाही. नाणेनिधीनेही शाबासकी दिली.

या प्रयोगाचे मर्म आधी हातात पैसा आणि मग दरवाढ, या क्रमात होते, असे मला वाटते. परंतु त्याच्या पोटातच त्याचा नाशही होता. कायद्याप्रमाणे वाढीव उत्पन्नाचा निम्मा भाग घरांना द्यावयाचा आणि उरलेला उद्योगांना व सरकारला. प्रत्यक्षात घरांचा तनखाच जमेपेक्षा जड झाला, आणि तूट चलन छापून भागविली गेली. त्यावर आंतरराष्ट्रीय निर्बंधांचा घाला पडला. तनखा आणि दर हे दोन्ही तोमानांच्या आकड्यांत बांधलेले, आणि तोमान वितळत चाललेला. २०१० मध्ये ४५,५०० तोमान म्हणजे जवळजवळ ४५ डॉलर होते. २०१९ च्या अखेरीस खुल्या बाजारात त्यांचे चार डॉलरच येत होते. पेट्रोलचा खरा दर पुन्हा तळाला गेला होता, आणि नागरिकाच्या हाती दिलेला मोबदलाही.

अशा स्थितीत १५ नोव्हेंबर २०१९ रोजी, शुक्रवारच्या सुटीच्या मध्यरात्री, कोणतीही पूर्वसूचना न देता, हजार तोमानांचा दर शिध्यापुरता दीड हजार आणि त्यापलीकडे तीन हजार करण्यात आला. मोबदल्याची घोषणा मागाहून झाली. पैसे त्याच्याही मागाहून आले. आपल्यालाही ही वाढ शुक्रवारी सकाळीच कळली, असे अध्यक्ष हसन रुहानी यांनी जाहीरपणे सांगितले, आणि या एका विधानाने निर्णयाची उरलीसुरली प्रतिष्ठाही घालविली. शंभराहून अधिक गावांत लोक रस्त्यावर आले. देशाचे इंटरनेट जवळजवळ आठवडाभर बंद ठेवण्यात आले. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने तीनशेहून अधिक मृत्यूंची नोंद केली, आणि रॉयटर्स वृत्तसंस्थेने दीड हजारांचा आकडा दिला तो सरकारने नाकारला. नऊ वर्षांपूर्वी ज्या राष्ट्राने चौपट वाढ शांतपणे सोसली होती, त्याच राष्ट्रात तिपटीपर्यंतच्या वाढीने रक्त सांडले. दोन्ही वेळा आकडे अर्थशास्त्रज्ञांनी तपासलेले होते, आणि दोन्ही वेळा ते बरोबर होते. बदलली होती ती सरकारची पत.

ती पत पुढेही परत आली नाही. महागाई दरवर्षी तीस-चाळीस टक्क्यांनी वाढत असताना ते दीड हजार आणि तीन हजारांचे आकडे सहा वर्षे जसेच्या तसे राहिले. डिसेंबर २०२५ मध्ये सरकारने अखेर पाच हजार तोमानांचा तिसरा दर काढला, तोही महिन्याला १६० लिटरांच्या वर पेट्रोल भरणाऱ्यांसाठी. जुन्या दोन दरांना त्याने हात लावला नाही.